दाराजवळचा ढोलवाला

अकुरेस्सा
३ मे १९७८

आदरणीय लोकु ताथ्था,

आपल्या चरणी वंदन. माझे ताथ्था गेले तेव्हा तिसऱ्या महिन्याच्या भिक्खूंच्या दानाला आपण एवढ्या लांब आला होता. त्यानंतर माझं लग्न झालं, मी इथल्या शाळेत शिक्षक म्हणून कायम झालो, आणि पत्र लिहायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ म्हणून माझं असं वडीलधारं माणूस आता आपणच एक उरलात, म्हणून ही बातमी पहिल्यांदा आपल्याला देतो. आम्हाला मुलगी झाली. आता चार महिन्यांची आहे. बायको मानेल आणि बाळ दोघी सुखरूप.

माझ्या सासूबाईंचा नवस आहे की बाळाला डोंगरातल्या नुवर शहरात आणून माळिगाव मंदिरात बुद्धाच्या दंतधातूच्या दारी ठेवायचं, आणि बुधवारच्या अभिषेकाचं पाणी तिच्या डोक्याला लावायचं. सासरे, सासूबाई, मानेल आणि मी असे जूनमध्ये येऊ. आपली माळिगावातली ढोलाची पाळी जूनमध्ये कधी असते? सहजच विचारतो.

उत्तर कृपया शाळेच्या पत्त्यावर पाठवावं. घराच्या पत्त्यावर टपाल उशिरा येतं.

आपला,
उपुल

•

देल्वत्त
वेसाक पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यातला शनिवार

पुता उपुल,

पत्र मिळालं. पाच वर्षांनी. टपाल हळू चालतं हे माहीत होतं, इतकं हळू चालतं हे माहीत नव्हतं.

मुलगी झाली हे चांगलं झालं. नाव लिहिलं नाहीस. शाळामास्तर ना तू? मुलांना निबंध कसा लिहायचा ते शिकवतोस आणि पोरीचं नाव विसरतोस. कळव.

माझी पाळी पोसन पोयाची पौर्णिमा झाली की लागते, पंधरा दिवस. पहाटे, सकाळी, संध्याकाळी, तिन्ही पूजांना दवुल ढोल माझ्या गळ्यात. खालच्या मंडपात तुम्ही आत शिरलात की डाव्या हाताला आम्ही उभे असतो. दाराच्या सगळ्यात जवळचा तो मी. सनईवाला जाडा आहे, त्याच्यामागे बघ, नाहीतर दिसणार नाही.

आता ऐक. फुलं फाटकासमोरच्या पहिल्या दुकानातून घेऊ नका, काल सकाळची असतात. तळ्याच्या कडेला म्हातारी बसते तिच्याकडची कमळं घ्या. आणि सासूबाईंना फुलांचा वास घेऊ देऊ नकोस. खालच्या मुलखातल्या बायका आधी हुंगतात आणि मग बुद्धाला वाहतात, मी रोज बघतो. उष्टं वाढल्यासारखं आहे ते.

पूजा झाली की घरी जेवायला यायचं. बसथांब्यापासून थोडा चढ आहे. बाळाला मी घेईन, मानेलला त्रास नको. तुझी लोकु अम्मा गेल्यापासून भात मीच शिजवतो, वाईट शिजवत नाही. फणस कोवळा आहे. कितुल ताडाची काकवी ठेवली आहे. सासरची माणसं येणार तर येऊ देत, खुर्च्या शेजारून आणतो. तेवढ्यासाठी केक बिक आणत बसू नका. डब्यातला केक आणतात आणि डबा परत न्यायचा विसरतात, माझ्याकडे सहा डबे पडलेत.

पिंचाच्या नातीला बघायचं आहे. माझा धाकटा भाऊ पिंचा, आणि माझ्या आधी गेला. त्याचं बघायचं राहून गेलं ते मी तरी बघेन.

लोकु ताथ्था

•

अकुरेस्सा
२० मे १९७८

आदरणीय लोकु ताथ्था,

पत्र वाचून फार बरं वाटलं. मुलीचं नाव उदेनी. अक्षर भिक्खूंनी काढून दिलं, नाव मानेलने निवडलं.

वाईट एवढंच वाटतं की आमचा दिवस आणि आपली पाळी जमत नाही. मुख्याध्यापकांनी रजा पोयाच्या आधीच्या आठवड्यातली दिली. आम्ही बुधवारी, १४ जूनला सकाळी माळिगावात येऊ आणि संध्याकाळच्या गाडीने लगेच परतू. आपली पाळी तेव्हा नसणार. तेवढ्यासाठी आपण शहरात येण्याची दगदग मुळीच करू नये, गुडघे दुखतात असं दानाच्या वेळी म्हणाला होता. आणि इतक्या लहान बाळाला घेऊन गावापर्यंत बसने येणं या खेपेस जमेलसं दिसत नाही. पुढच्या खेपेस नक्की.

मुलीचा फोटो काढला की पाठवेन.

आपला,
उपुल

•

देल्वत्त
बुधवार, मे संपत आला

उपुल,

फोटो पाठवू नकोस. फोटोत सगळी बाळं सारखीच दिसतात, फुगलेली.

दिवस जमत नाही म्हणून एवढं रडगाणं कशाला? मुतुवाशी बोललो. त्याची पाळी पोयाच्या आधी, माझी नंतर. अदलाबदल केली. आधी तो कुरकुरला, त्याला मातले गावी लेकीकडे जायचं होतं, पण पोयानंतर. म्हटलं, मग आधी जा, लेक काय पळून जाते का. गेला एकदाचा. तर मी १४ तारखेला सकाळीही आहे आणि संध्याकाळीही. जागा तीच, दाराजवळची.

गावाला येणं जमत नाही म्हणतोस, ठीक. रस्ता वाईट आहे हे खरं. मग मी जेवण बांधून आणतो. मंडपामागे आम्हा ढोलवाल्यांची बसायची जागा आहे, ओटा आहे, सावली आहे. तिथे बसून खाऊ. नवीन पांढरं धोतर नेसेन, जुन्याला तेलाचा डाग आहे. लाल पट्टा धुवून घेतला.

गुडघे दुखतात ते चढताना. ढोल काय गुडघ्याने वाजवतो का मी?

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तुझ्या मनात काही राहू नये. ढोल घे, पाळी घे असं मी तुला म्हणणार नाही. माझ्यामागे पाळी आणि तिच्यापोटी मिळालेलं देवळाचं शेत मुतुवाच्या मुलाकडे जाईल, ते ठरलं आहे, आणि तो चांगला वाजवतो. तुझ्याकडून मला पोरगी बघायची आहे, एवढंच.

लोकु ताथ्था

•

अकुरेस्सा
७ जून १९७८

आदरणीय लोकु ताथ्था,

हे पत्र कसं लिहू ते कळत नाही. तीन वेळा फाडलं.

माझ्या सासरी माझी जात, आपली ढोलवाल्यांची जात, माहीत नाही. ताथ्थांनी नुवर सोडून गाल्लच्या रेल्वेत नोकरी धरली तेव्हा वर्तमानपत्रात जाहिरात देऊन नाव बदललं, हे आपल्याला माहीत आहे. आमच्या दारावर तेव्हापासून वीरवर्धन लिहिलेलं आहे. शाळेत, कॉलेजात, कुणी काही विचारलं नाही. मानेलशी लग्नाची बोलणी सुरू झाली, तिच्या घरचे वरच्या शेतकरी जातीचे, तिचे वडील पोस्टमास्तर. त्यांनी विचारलं, तुमचं डोंगरावर कोण? मी म्हणालो, कोणी नाही, सगळे वारले. एकदा म्हणालो आणि मग तेच खरं होऊन बसलं. मानेललाही सांगितलं नाही.

पाळीचे दिवस मी आपल्याला भेटण्यासाठी विचारले नव्हते. ते टाळण्यासाठी विचारले होते. आपण अदलाबदल कराल असं माझ्या मनातही आलं नाही.

आता दिवस बदलता येत नाही. सासूबाईंनी पत्रिका पाहून ठरवला आहे. लोकु ताथ्था, मी आपल्याकडे एकच मागणं मागतो. त्या दिवशी शक्य असेल तर येऊ नये. यावंच लागलं तर मला ओळखू नये. जेवण आणू नये.

मी काय लिहितो आहे हे मला समजतं. आपण माझं तोंड पाहू नये असं वाटलं तर तेही मला समजेल.

उपुल

•

देल्वत्त
गुरुवार

उपुल,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. मुतुवा मातले गावी लेकीकडे होता. सनईवाल्याला विचारलं, कोणी दुसरा उभा राहील का, तो म्हणाला कुणाला सांगू आता. पूजा ढोलाशिवाय होत नाही. म्हणून गेलो. तुला अडचणीत आणायला गेलो नाही. हे आधी लिहून टाकतो.

तर मी मेलो आहे. बरं झालं सांगितलंस, गुडघ्याच्या तेलावर उगाच खर्च चालला होता.

सरळ विचारलं असतंस तर सरळ सांगितलं असतं. "लोकु ताथ्था, त्या दिवशी नको." एक ओळ. मी पाय धुवायला नदीवर गेलो असतो. त्याऐवजी तारखा, रजा, मुख्याध्यापक, गुडघे. शिकलेल्या माणसाला खोटं बोलायला किती कागद लागतो.

काय झालं ते तुला माहीतच आहे, पण तू मान वळवून होतास, म्हणून मी जे पाहिलं ते सांगतो.

सकाळच्या पूजेला गर्दी बरी होती. तुम्ही आत आलात. पुढे तुझे सासरे, हातात कमळं, मग सासूबाई, मग मानेल, मग तू बाळ घेऊन. बाळ डाव्या खांद्यावर, म्हणजे माझ्या बाजूच्या. सासूबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "त्या बाजूने नको नेऊ, त्यांच्या अंगाला लागेल बाळ. उघडी असतात ही माणसं, घामाची." वाईट मनाने नाही म्हणाल्या. तवा तापला आहे, हात लावू नको, असं म्हणतात तसं म्हणाल्या. आणि तू बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलंस.

आता पोरगी उजव्या खांद्यावरून मागे बघायला लागली. तू जिना चढेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती. गोरी नाही, आमच्यासारखीच आहे. कान पिंचाचे आहेत, बाहेर आलेले. टोपी घालून लपतात, पण टोपी सरकली होती.

मी हात थांबवला नाही. थांबवता येत नाही. दंतधातूच्या दाराशी पडदा सरकेपर्यंत ताल एक राहावा लागतो, घरी कुणी मेलं तरी. आम्ही लहानपणी शिकतो ते हेच. पुढे मी नुसतं ढोलाच्या कातड्याकडे बघत राहिलो. तुला ओळखलं नाही. तू मागितलंस, मी दिलं.

बुद्धाने जात मानली नाही असं भिक्खू दर पोयाला सांगतात. छान सांगतात. आम्ही मागे बसून ऐकतो.

जेवण आणलं नव्हतं. फणस मुतुवाच्या घरी दिला.

यापुढे मी पत्र लिहिणार नाही. राग नाही. राग असता तर लिहिलं असतं. पण शाळेच्या पत्त्यावर चोरून पत्र घेणारा पुतण्या मला नको, आणि तुलाही रोज भीती नको. पोरगी बघून झाली. लांबून, पण झाली. जवळून दाखवायची असेल तर बापाने आपल्या हाताने आणून दाखवायची. दुसऱ्या कुणाच्या हातून मी घेणार नाही.

रंकिरा

•

अकुरेस्सा पोस्ट ऑफिस
२५ जून १९७८

रंकिरा महत्तया यांस,

माझं नाव एडविन गुणसेकर. मी उपुलचा सासरा. बुधवारी पूजेनंतर मंडपामागच्या ओट्यावर तुमच्या शेजारी येऊन बसलेला, पानाला चुना मागणारा माणूस मीच. तुम्ही पिशवीच पुढे केली आणि मी तुमचं पान खाल्लं. आपण पाऊस आणि मिरी एवढंच बोललो. बायको जिन्यावरून हाक मारत होती म्हणून उठलो, आणि जे बोलायला आलो होतो ते राहिलं. म्हणून हे पत्र.

तुम्ही कोण ते मला माहीत होतं. उपुलला वाटतं मला माहीत नाही. महत्तया, एकुलती एक मुलगी द्यायची आणि चौकशी करायची नाही, असा बाप तुम्ही पाहिलाय का? मानेलने त्याचं नाव घरात काढलं त्याच आठवड्यात मी रजा टाकून तुमच्या देल्वत्तला आलो होतो. मिरीचा व्यापारी म्हणून. थांब्यावरच्या चहावाल्याने माझा कप रिकामा व्हायच्या आत तुमच्या आजोबांपर्यंत सगळं सांगितलं, रस्त्याने जाताना लांबून तुम्हाला दाखवलंही. वर म्हणाला, रंकिराकडे मिरी चांगली मिळेल पण भाव करू नका, तो भांडतो.

परतताना गाडीत विचार केला. पोरगा सज्जन. पोरगी त्याच्याशीच करीन म्हणते. आणि खोटं बोलला ते माझ्यासारख्या माणसांच्या भीतीने बोलला. मग मी पण गप्प बसलो. बायकोला सांगितलं नाही, ती फार जुन्या वळणाची आहे. चार वर्षं झाली, एका घरात दोन पुरुष एकमेकांना कळू नये म्हणून चवड्यांवर चालतात. मी तुम्हाला सांगतो, पाय दुखतात.

त्या दिवशी मी तुमच्यासमोर उभा होतो. माझी बायको काय बोलली ते मी ऐकलं. तुम्हीही ऐकलं असणार. तिच्या वतीने मी क्षमा मागतो.

आता माझं म्हणणं असं. मी उपुलला सांगू का, की मला माहीत आहे? एका वाक्यात त्याची भीती जाईल. किंवा मी स्वतःच पुढच्या महिन्यात काही निमित्त काढून उदेनीला तुमच्याकडे घेऊन येतो. तुम्ही सांगाल तसं करतो. आणि शाळेच्या पत्त्यावरची पत्रंही शेवटी माझ्याच टेबलावरून जातात. कधी उघडलं नाही, खात्री असू द्या.

एडविन गुणसेकर

•

देल्वत्त
जुलैतला पहिला सोमवार

पोस्टमास्तर महत्तया,

चहावाला खोटं बोलतो. मी भांडत नाही. लोकच भाव पाडून मागतात.

तुम्ही ओट्यावर बसलात तेव्हा मला वाटलं कुणी खालच्या मुलखातला वाट चुकला. तुम्ही माझ्या पिशवीत हात घातला तेव्हा कळलं, मुद्दाम बसलात. पायऱ्यांवरून लोक बघत होते. तुमचं काम तिथेच झालं, क्षमा बिमा लिहायची गरज नव्हती.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. त्याला सांगू नका. तुम्ही सांगितलं तर तो येईल, हे मलाही माहीत आहे. सुटल्यासारखा येईल, दोन डबे केक घेऊन येईल. पण तुमची परवानगी मिळाली म्हणून येईल. उद्या तुमच्या जागी दुसरा कोणी उभा राहिला, मुख्याध्यापक, मुलीचा सासरा, की पुन्हा त्याचे सगळे नातेवाईक मरतील. त्याला एकदा तरी पुढे काय होईल हे माहीत नसताना तोंड उघडू द्या. माझा भाऊ नाव बदलून गेला, मी त्याला अडवलं नाही, पोटाचा प्रश्न होता. या पोराचं पोट भरलेलं आहे.

तुम्ही म्हणाल, म्हातारा हट्टी आहे, आणि त्यात पोरगी बघायची राहून जाईल. जाईल कदाचित. मी सत्तरीला आलो. रोज वाटतं तुम्हाला लिहावं, आणा पोरीला. आज पण वाटलं. म्हणून घाईने हे पत्र पेटीत टाकतो, उद्यापर्यंत ठेवलं तर फाडीन.

तुम्ही पण तिला आणू नका. मी दार उघडणार नाही असं लिहितो आहे, पण तुम्ही आणलंच तर उघडेन, म्हणून आणू नका.

चुन्याची डबी ओट्यावर विसरून गेलात ती माझी नव्हे, तुमची; म्हणजे चुना जवळ असूनच मागितलात. आत दाभणासारखी काडी आहे. ठेवून घेतली.

रंकिरा

•

अकुरेस्सा
१० सप्टेंबर १९७८

आदरणीय लोकु ताथ्था,

आपण लिहिणार नाही म्हणाला होता, म्हणून मी वाट पाहिली नाही. पण मी लिहिल्याशिवाय राहू शकत नाही.

आपलं गुरुवारचं पत्र मी जवळ ठेवलं नाही, पाठ झालं म्हणून. उदेनीला उचलताना दर वेळी कळतं की कोणता खांदा. आता ती बसायला लागली आहे, कान धरून ओढते. स्वतःचेच.

गेल्या रविवारी मानेल ओसरीवर तिला तेल लावत होती. मी म्हणालो, माळिगावात ढोल वाजवत होते त्यातले एक माझे लोकु ताथ्था आहेत. सख्खे. मेलेले नाहीत. मग बाकीचं सगळं. मानेल तेल लावत राहिली. मग म्हणाली, "त्यातले कोणते?" मी म्हणालो, दाराजवळचे. ती म्हणाली, "ज्यांनी एकदाही वर पाहिलं नाही ते? मला वाटलं त्यांना दिसत नसेल." आणि मग ती माझ्यावर रागावली. जातीवरून नाही. चार वर्षं तिला सांगितलं नाही त्यावरून. संध्याकाळी म्हणाली, "अम्माला तू सांग. मी नाही सांगणार. तुझी माणसं, तुझं तोंड."

दुसऱ्या दिवशी जेवताना सांगितलं. सासरे आणि मी ताटावर होतो, सासूबाई वाढत होत्या. जेवढं सुचलं तेवढं बोललो. जातही नावानिशी सांगितली. म्हणालो, तुम्ही सांगाल तर मी हे घर सोडून भाड्याने राहतो, पण माझं माणूस मेलं आहे असं मी यापुढे म्हणणार नाही.

सासूबाईंनी पळी भांड्यात ठेवली आणि त्या आत निघून गेल्या. सासरे भात कालवत राहिले. मला वाटतं त्यांना धक्का बसला, किंवा नीट ऐकू आलं नसावं. अलीकडे ते थोडं कमी ऐकतात. कारण ते उठले, त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या ताटात माशाचा मोठा तुकडा वाढला आणि विचारलं, "तिकडे मिरी कशी पिकते?" मी म्हणालो, माहीत नाही. ते म्हणाले, "विचारून घे." मग त्यांचे डोळे भरले. म्हणाले मिरची लागली.

सासूबाई बोलत नाहीत. ताट वाढतात, पण खाली ठेवताना नजर भिंतीकडे असते. त्यांच्या भावाने येऊन एकदा आरडाओरडा केला. त्यांच्या घरच्या लग्नाला आम्हाला बोलावणं नाही. मानेल म्हणते वेळ लागेल. मला वाटतं काही गोष्टींना वेळ लागूनही काही होत नाही. पण आता घरात फिरताना पाय पूर्ण टेकतात, हे मात्र खरं.

आपण म्हणाला होता, बापाने आपल्या हाताने आणून दाखवायची. पुढच्या महिन्यात सात तारखेला, शनिवारी, मी उदेनीला घेऊन येतो. मानेल येते आहे. सासरेही येतो म्हणतात, का ते सांगत नाहीत. माळिगावात आधी जाणार नाही. आधी देल्वत्तला. आपली पाळी असो वा नसो. आपण घरी नसलात तर दारात बसून राहू.

उत्तर घराच्या पत्त्यावर पाठवावं. खाली लिहिला आहे.

आपला पुतण्या,
उपुल

•

देल्वत्त
शुक्रवार

पुता उपुल,

पत्र मिळालं. घराच्या पत्त्यावर पाठवतो आहे, बघू टपाल किती उशिरा येतं.

सात तारीख चालेल. सकाळची पहिली गाडी पकडा, दुपारची बस भरून येते आणि कंडक्टर बाळवाल्यांनाही उभं करतो. पोरीच्या डोक्याला काहीतरी घाला, इकडे सकाळी गार असतं. कान झाकले नाहीत तरी चालतील.

सासऱ्यांना ऐकू येतं. मासा वाढणाऱ्याला सगळं ऐकू येतं. बाकी त्यांचं ते सांगतील, मला मध्ये घालू नकोस. येऊ देत त्यांना, मिरी दाखवतो.

सासूबाईंवर राग धरू नकोस. ती वाढते आहे ना? भिंतीकडे बघून का होईना, वाढते. मुतुवाची बायको त्याच्याकडे बघून वाढते आणि वर बोलते, त्यापेक्षा बरं. आणि तिचा भाऊ ओरडला तर ओरडू दे, ओरडून घसा बसतो. तुझ्या लेकीला एक लग्न चुकलं. पुढे आणखी चुकतील. ते तू तिला मोठी झाल्यावर सांग, का चुकलं ते. लपवू नकोस. लपवलेलं मुलांना आधीच कळतं.

मानेलला सांग, मला दिसतं. चांगलं दिसतं. वर बघितलं असतं तर ताल चुकला असता, दुसरं काही नाही. फणस आता जून झाला, त्याची दुसरी भाजी करतो. भात मी शिजवणार. तिने स्वयंपाकघरात शिरायचं नाही, माझी भांडी माझ्या जागेवर असतात.

मी थांब्यावर येईन. चहावाल्याला सांगून ठेवलं आहे की माझा पुतण्या येतो आहे. तो म्हणाला, कोणता पुतण्या. म्हटलं शनिवारी बघ.

आता एक सांगायचं राहिलं. थांब्यावर उतरल्या उतरल्या सगळ्यांसमोर गुडघे टेकून पाया पडू नकोस. शनिवारी बाजार असतो, सगळं गाव तिथे असतं, भिक्खू असतात, वरच्या वाड्यातले लोक असतात, शाळामास्तरने विजारीला चिखल लावून म्हाताऱ्या ढोलवाल्याच्या पाया पडायचं, लोक मिरी विकायची सोडून बघत बसतील. मला तमाशा आवडत नाही. घरी आलास की पड, आत, चटईवर.

लिहून झालं आणि पुन्हा वाचलं.

नाही. थांब्यावरच पड.

लोकु ताथ्था